फास्ट ऑटोमॅटिक गाडी घेताय? मग गिअरबॉक्स आधी स्लो चालवून बघा

जळगाव, धुळे, भुसावळकडे आता दीडशे-दोनशे हॉर्सपॉवरच्या ऑटोमॅटिक गाड्या रोज दिसतात, दहा वर्षांपूर्वी अशी एखादी गाडी गावात आली की पोरं फोटो काढायला जमायची. ओळखीतले लोक गाडी घ्यायच्या आधी मला फोन करतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, भाऊ डीएसजी घेऊ का टॉर्क कन्व्हर्टर, कोणता गिअर फास्ट टाकतो? (डीएसजी म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलातून ताकद पाठवणारा.) मी सगळ्यांना एकच सांगतो, गिअर किती फास्ट पडतो ते नंतर बघू, आधी ती गाडी भर दुपारी बांभोरीच्या पुलाजवळच्या गर्दीत पाच-सातच्या स्पीडने पंधरा मिनिटं चालवून बघ. जोरदार इंजिनच्या गाडीचा गिअरबॉक्स कसा आहे ते तिथं कळतं, हायवेवर तर सगळेच चांगले वाटतात.

हे मला कसं कळलं ते सांगतो. मे महिना, आईला डॉक्टरांना दाखवायला संभाजीनगरला घेऊन चाललो होतो, चाळीसगाव सोडून कन्नड घाट चढायला लागलो तर वर कुठंतरी ट्रक बंद पडलेला आणि सगळी लाईन थांबलेली. माझी तेव्हाची गाडी ड्युअल क्लच, तीही ड्राय क्लचवाली (म्हणजे क्लच तेलात नसतो, फक्त हवेवर गार होतो), पळायला एकदम भारी. मी काय करत होतो, तर चढावर ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी तशीच धरून ठेवत होतो, लाईन वीतभर सरकली की मी पण वीतभर सरकायचो. वीसेक मिनिटांत गिअरबॉक्स गरम झाल्याचा मेसेज आला, जळका वास सुटला आणि गाडी पुढं ओढेचना. आई मागच्या सीटवर, बाहेर ऊन मी म्हणत होतं. मागच्या पिकअपवाले दादा उतरून आले, वास घेतला आणि म्हणाले, "क्लच तपी गया ना भाऊ, थांबी जा जरासं." अर्धा तास थांबलो मग गाडी निघाली, पण डॉक्टरांची वेळ गेली ती गेलीच. चूक गाडीची नव्हती, माझ्या पायाची होती, माझ्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे आणि तो कशाने तापतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पहिलं काम: गाडीत नेमकं काय बसवलंय ते काढा

ब्रोशरवर मोठ्या अक्षरात "ऑटोमॅटिक" लिहिलेलं असतं, तेवढ्यावर थांबू नका. नावांचा गोंधळ खूप आहे. डीएसजी, डीसीटी, डीसीए, पीडीके ही सगळी ड्युअल क्लचची वेगवेगळ्या कंपन्यांची नावं. एएमटी किंवा एजीएस म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करते. सीव्हीटी, आयव्हीटी म्हणजे पट्ट्यावर चालणारा, ज्यात ठरलेले गिअरच नसतात. आणि टिपट्रॉनिक, स्टेपट्रॉनिक ही नावं बहुतेक वेळा टॉर्क कन्व्हर्टरला असतात पण बीएमडब्ल्यू तिच्या लहान गाड्यांतल्या ड्युअल क्लचलाही स्टेपट्रॉनिकच म्हणते, म्हणून नावावर विसंबून राहू नका.

सेल्समनला तीन प्रश्न विचारा: टॉर्क कन्व्हर्टर आहे का? नसेल तर क्लच एक की दोन? आणि क्लच वेट आहे की ड्राय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोरूममध्ये पटकन मिळत नाही, तरी सोडू नका, सर्व्हिसच्या माणसाला बोलवायला सांगा.

अंदाज यावा म्हणून आपल्याकडं दिसणाऱ्या गाड्या सांगतो. व्हर्टस जीटी आणि स्लाव्हियाचं १.५ टर्बो पेट्रोल, १५० पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच) आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनची फिरवायची ताकद), त्यात ७ स्पीड डीएसजी येतो तो ड्राय. आय२० एन लाईनचा ७ स्पीड पण ड्राय. गोल्फ जीटीआय आणि ऑक्टेव्हिया आरएसमधला डीएसजी मात्र वेट. अल्ट्रोझचा ६ स्पीड डीसीए वेट. एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ एन मध्ये ६ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर, आणि बीएमडब्ल्यू एम३४०आय मध्ये ८ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर.

टॉर्क कन्व्हर्टर कसा चालतो

विहिरीवरच्या मोटरचा इम्पेलर पाहिलाय ना, तसंच समजा. इंजिनला एक इम्पेलर जोडलेला असतो, तो तेल जोरात फेकतो, ते तेल समोरच्या टर्बाईनच्या पात्यांवर आदळतं आणि टर्बाईन फिरतो, टर्बाईनच्या मागं गिअरबॉक्स. दोघांच्या मधे स्टेटर नावाची तिसरी पाती असतात, ती परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवतात, त्यामुळं गाडी जागेवरून हलताना इंजिनचा टॉर्क जवळपास दुप्पट होऊन चाकाकडं जातो. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकाला घासतच नाहीत, मधे तेल आहे, म्हणून चढावर, गर्दीत, रिव्हर्समध्ये गाडी मऊ चालते आणि घासून झिजायला तिथं काही नसतं. तेल तापतं, पण त्याला कूलर असतो.

तोटा असा की तेलामधून ताकद पाठवताना थोडी वाया जाते आणि जुन्या ४ स्पीड गाड्यांत अॅक्सिलरेटर दाबल्यावर आधी इंजिन ओरडायचं मग गाडी निघायची, त्यावरूनच लोकांच्या डोक्यात बसलंय की टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे सुस्त. आताच्या गाड्यांत एकदा गाडी हलली की लॉक-अप क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून टाकतो. जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा ८एचपी हा गिअरबॉक्स २००९ मध्ये आला आणि त्याने ही सगळी समजूत बदलली. आठ गिअर, पण आत फक्त चार प्लॅनेटरी सेट (एकाभोवती एक फिरणाऱ्या दात्यांच्या चाकांचे संच) आणि पाच क्लच-ब्रेक, त्यातले कोणत्याही गिअरमध्ये दोनच उघडे राहतात म्हणून घासण कमी. शिवाय आठव्यातून थेट दुसऱ्यात उतरू शकतो, मधले गिअर मोजत बसत नाही. एका ट्रकच्या मागं साठवर अडकलाय, समोर रस्ता मोकळा झाला आणि पाय दाबला, त्या क्षणी हे कामाला येतं.

ड्युअल क्लच

केळीची गाडी भरताना बघा, एक गडी घड ट्रकमध्ये ठेवतोय तोवर दुसऱ्याच्या खांद्यावर पुढचा घड तयार असतो, हात रिकामा म्हणून राहतच नाही. ड्युअल क्लचमध्ये एका क्लचवर १-३-५-७ गिअर, दुसऱ्यावर २-४-६. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच लावून ठेवलेला असतो, एक क्लच सुटतो त्याच वेळी दुसरा धरतो आणि चाकाकडची ओढ तुटत नाही. म्हणून गिअर पडलेला फक्त आवाजावरून कळतो. एकदा त्याची सवय झाली की दुसरं काही आवडत नाही, हे मी मनापासून सांगतो, एखाद्या मोकळ्या सकाळी लळिंगच्या चढाला स्टिअरिंगमागच्या पॅडलवर तिसरा-चौथा खेळवत जाण्यात जे सुख आहे ते वेगळंच.

पण त्याच्या दोन गोष्टी समजून घ्या. एक, कॉम्प्युटर पुढचा गिअर अंदाजाने लावून ठेवतो. अंदाज चुकला, म्हणजे तो पाचवा तयार ठेवून बसलाय आणि तुम्ही एकदम पाय दाबून दुसरा मागितला, तर क्षणभर तो अडखळतो. दोन, आणि ही मोठी गोष्ट, जागेवरून हलताना क्लचला घसरावंच लागतं, मॅन्युअलमध्ये आपण हाफ क्लच करतो तेच इथं मशीन करते. वेट क्लच तेलात बुडालेला असतो, उष्णता तेल घेऊन जातं. ड्राय क्लचला फक्त आजूबाजूची हवा. ड्राय हलका असतो, ताकद कमी खातो, मायलेज चांगलं देतो, पण फोक्सवॅगनच्या त्या ड्राय डीएसजीची मर्यादाच २५० न्यूटन मीटर आहे, त्यापेक्षा जोरदार इंजिनला ते वेटच लावतात. आपल्या भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांनी क्लच जळत नाही, जळतो तो घसरल्याने, पण बाहेरची हवा आधीच तापलेली असली की तो गार व्हायला वेळ लागतो, आणि घाटातल्या लाईनीत तो वेळ मिळत नाही.

बाकीचे दोन, थोडक्यात

एक क्लचवाला पॅडल गिअरबॉक्स फेरारीने १९९७ मध्ये एफ३५५ मध्ये दिला, लॅम्बोर्गिनीने २०११ च्या अॅव्हेंटाडोरपर्यंत वापरला. त्यात प्रत्येक गिअरला ओढ तुटते आणि डोकं पुढं-मागं हलतं. आपल्या एएमटीचं तत्त्व तेच, गावात चालवायला स्वस्त आणि मायलेजला चांगली, पण जोरदार गाडीसाठी आता कोणी तो मार्ग घेत नाही. सीव्हीटी शहरात मस्त आहे. विल्यम्स टीमने १९९३ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाडीत बसवून टेस्टही केली होती, पुढच्या सीझनपासून नियमातच ती बंद केली गेली. पण रस्त्यावरच्या जोरदार गाडीत पाय दाबल्यावर इंजिन एकाच आवाजात ओरडत राहतं आणि पट्ट्याला टॉर्कची मर्यादा आहे, मी तरी घेणार नाही.

मोठ्या कंपन्या काय करतात त्यावरून शिका

ड्युअल क्लचची कल्पना आदोल्फ केग्रेस नावाच्या फ्रेंच इंजिनिअरची, १९३९ सालची. पोर्शेने १९८० च्या दशकात ९५६ आणि ९६२ या रेसिंग गाड्यांत ती वापरली, दुकानात विकत मिळणाऱ्या गाडीत मात्र २००३ मध्ये गोल्फ आर३२ मधून आली. मग निसान जीटी-आर २००७, पोर्शे ९११ आणि फेरारी कॅलिफोर्निया २००८, सगळे तिकडं गेले. लोकांना वाटलं टॉर्क कन्व्हर्टर संपला.

आणि मग बीएमडब्ल्यूने २०१७ च्या एम५ मध्ये ड्युअल क्लच काढून ८ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर लावला, गाडी ६०० हॉर्सपॉवर आणि ७५० न्यूटन मीटरची! नंतर एम३, एम४ मध्येही तेच केलं. मर्सिडीज-एएमजीने तिसराच रस्ता काढला, २००८ च्या एसएल ६३ पासून गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरवालाच ठेवला पण कन्व्हर्टरच्या जागी तेलातला क्लच बसवला, त्याला एमसीटी म्हणतात.

मला सगळ्यात जास्त शिकवून जातं ते पोर्शेचं उदाहरण. एकाच कंपनीची ९११ पीडीकेवर, आणि केयेन ८ स्पीड टॉर्क कन्व्हर्टरवर. लॅम्बोर्गिनीचंही तसंच, हुराकान ड्युअल क्लच, उरुस टॉर्क कन्व्हर्टर. त्यांच्याकडं दोन्ही बनवायची अक्कल आणि पैसा आहे, तरी जड गाडी, फॅमिली, चढ, ओढायचं काम आलं की ते टॉर्क कन्व्हर्टरकडं जातात आणि हलकी, ट्रॅकवर पळवायची गाडी आली की ड्युअल क्लचकडं. आता आपली गाडी वर्षातले किती दिवस कोणतं काम करते ते तुम्हीच मोजा.

टेस्ट ड्राईव्ह अशी घ्या

शोरूमवाले सरळ हायवेला नेतात, दोन किलोमीटर पळवतात आणि परत. त्यांना नम्रपणे सांगा की अर्धा-पाऊण तास हवा आणि रस्ता मी ठरवणार. दुपारची वेळ मागा, एसी फुल्ल.

गाडी थंड असताना डी मध्ये टाका आणि ब्रेक हळूच सोडा, अॅक्सिलरेटरला हातही लावू नका, म्हणजे पाय. गाडी सायकलीच्या चालीने पुढं सरकली पाहिजे. थरथर, टकटक, झटका येतो का बघा. मग गर्दीत शिरा, बाजाराचा दिवस असेल तर उत्तमच, आणि थांबा-चला करत राहा. पहिल्यातून दुसऱ्यात आणि परत पहिल्यात जाताना ड्युअल क्लच सगळ्यात जास्त गडबडतो, दहा मिनिटांनंतर तो सुरुवातीपेक्षा जास्त झटके द्यायला लागला तर तापतोय समजा.

मग चढ. जळगावात शिवाजीनगरच्या पुलाचा चढ चालेल. मधे पूर्ण थांबा, ब्रेक सोडा, गाडी मागं किती जाते ते बघा. त्यानंतर जमेल तिथं, म्हणजे एखाद्या रॅम्पवर, रिव्हर्समध्ये चढवा, अगदी हळू. सगळ्या टेस्टमध्ये ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि करत कोणीच नाही. टॉर्क कन्व्हर्टर इंचाइंचाने चढतो. ड्राय क्लचची गाडी इथं थरथरते, वासही येऊ शकतो, आपल्या घराच्या ओट्यासमोर किंवा शेडमध्ये चढ असेल तर रोज दोन वेळा हेच करायचंय ना.

शेवटी हायवे. साठवर वरच्या गिअरमध्ये आरामात चालवत एकदम पाय दाबा, मनात "एक" म्हणून होईपर्यंत ओढ लागली पाहिजे. मॅन्युअल मोडमध्ये पॅडल दाबा आणि रेडलाईनला (इंजिन जास्तीत जास्त फिरू शकतं त्या मर्यादेला) गाडी स्वतःच वरचा गिअर टाकते की तुमचं ऐकते ते बघा, बऱ्याच गाड्या ऐकत नाहीत.

घेतल्यावर: घाट आणि ऊन

चढावर गाडी धरायची ती ब्रेकने किंवा ऑटो होल्डने (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय), अॅक्सिलरेटरने कधीच नाही. ब्रेक पूर्ण दाबला की ड्युअल क्लच मोकळा होतो, अर्धवट दाबला तर तो घसरत राहतो. लाईनीत समोर दोन गाड्यांची जागा होऊ द्या मग एकदाच सरका, मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. कन्नड घाट असो, सुरतकडं जाताना कोंडाईबारी असो की तोरणमाळचा सातपायरी, चढताना मॅन्युअल मोडमध्ये एक-दोन लावा नाहीतर गाडी वर-खाली गिअर बदलत राहते. उतरताना दुसरा-तिसरा धरून इंजिनचा ब्रेक घ्या, आणि डिझेल वाचेल म्हणून न्यूट्रल टाकून उतरायची जुनी सवय कृपा करून सोडा, त्यात ब्रेक तापून निकामी होतात.

डी आणि आर मधे बदलताना गाडी पूर्ण थांबलेली पाहिजे. पार्क करताना आधी ब्रेक, मग न्यूट्रल, मग हॅन्डब्रेक, मग ब्रेक सोडून गाडीचं वजन हॅन्डब्रेकवर येऊ द्या, परत ब्रेक दाबून पी. नाहीतर सगळा भार आतल्या बोटाएवढ्या लोखंडी खुंटीवर येतो.

गरम झाल्याचा मेसेज आलाच तर बाजूला घ्या आणि पी मध्ये टाका. टॉर्क कन्व्हर्टर आणि वेट क्लचच्या गाडीत बहुतेक वेळा इंजिन चालू ठेवलेलं बरं, तेल कूलरमधून फिरत राहतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर ते ऐका. लॉन्च कंट्रोल (जागेवरून एकदम सुसाट सुटायचा मोड) मित्रांना दाखवायला एकदा ठीक, लागोपाठ चार-पाच वेळा करू नका, तेवढ्यात क्लच महिनाभराचं आयुष्य खाऊन बसतो असं समजून वागा.

तेल, आणि जुनी गाडी घेताना

"गिअरबॉक्सचं तेल लाईफटाईम आहे" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. ८एचपी बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला तेल बदलायला सांगते. फोक्सवॅगनच्या ६ स्पीड वेट डीएसजीला ६० हजारांवर तेल आणि फिल्टर लागतो. आपल्याकडची धूळ, ऊन आणि घाट धरून मी आणखी थोडं आधीच बदलतो. तेल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, ओळखीच्या दुकानातलं "तेच आहे हो" वालं नाही.

जुनी गाडी असेल तर या तेलबदलाचं बिल मागा, बिल नसेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. थंड इंजिनवर स्वतः चालू करायला मिळालं पाहिजे, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. स्कॅनर लावून गिअरबॉक्सचे एरर कोड वाचून घ्या, धुळे-जळगावला आता बऱ्याच गॅरेजमध्ये स्कॅनर आहे. ड्युअल क्लच असेल तर क्लच किती झिजलाय ते काही स्कॅनर दाखवतात, विचारा.

मला विचाराल तर घरात एकच गाडी असेल, आई-वडील, मुलं, लग्नकार्य, घाट सगळं तिच्यावरच असेल, तर टॉर्क कन्व्हर्टर घ्या, आताच्या ८ स्पीडमध्ये तुम्हाला फास्टपणाची उणीव जाणवणार नाही. दुसरी गाडी आहे आणि ही फक्त रविवार सकाळसाठी, तर वेट ड्युअल क्लच, बिनधास्त. ड्राय क्लच वाईट नाही, हायवे जास्त असेल आणि वर लिहिलेली पायाची सवय घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला लावणार असाल तर तोही वर्षानुवर्षं चालतो. मी स्वतः टॉर्क कन्व्हर्टरवर आलो, आई चढताना अजूनही विचारते, वास तर येत नाही ना.

एक राहिलं. यातली कोणतीही गाडी शेतरस्त्यावर किंवा हायवेला बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू नका. इंजिन बंद असताना बहुतेक गिअरबॉक्समधला तेलाचा पंप फिरत नाही आणि चाकं मात्र गिअरबॉक्स फिरवत राहतात, त्यात मोठं काम निघू शकतं. चारही चाकं वर घेणारी गाडी बोलवा, आणि तिचा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, घाटात रेंज जाते.